इशाऱ्याची पत

विमान अपघात म्हटला की इंजिन बंद पडणे, आग लागणे किंवा वादळात सापडणे अशी चित्रे सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु प्रवासी विमानवाहतुकीच्या इतिहासात दीर्घकाळ सर्वाधिक बळी घेतले ते निराळ्याच प्रकारच्या अपघातांनी. या अपघातांत विमानाला काहीही झालेले नसते. इंजिने सुरळीत चालू असतात, वैमानिक अनुभवी असतात आणि विमान पूर्णपणे त्यांच्या ताब्यात असते. ताब्यात असलेले हे विमान ते न कळत डोंगरावर नेऊन आदळवतात. समोर डोंगर आहे याची जाणीव त्यांना शेवटच्या क्षणापर्यंत नसते, किंवा होते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

महाराष्ट्राला या प्रकारच्या अपघाताची ओळख फार पूर्वीच झाली. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर बँकॉकहून मुंबईकडे येणारे अलिटालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. आपण मुंबईच्या प्रत्यक्षात होतो त्याहून अधिक जवळ आलो आहोत, अशी वैमानिकाची समजूत झाली होती. त्या समजुतीने त्याने विमान वेळेपूर्वी खाली आणले आणि खाली सह्याद्री होता. पुढे साडेतीन वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, एअर इंडियाचे ‘कांचनगंगा’ हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाकडे उतरत असताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. त्या ११७ मृतांत डॉ. होमी भाभा होते. आपण पर्वत ओलांडला आहे असे वैमानिकाला वाटले होते. नियंत्रकाने कळविलेल्या अंतराचा अर्थ त्याने चुकीचा लावला होता. दोन्ही ठिकाणी विमान वैमानिकाच्या ताब्यात होते. दोष होता तो वैमानिकाच्या मनातल्या नकाशात.

असे का घडते, हे समजून घेणे कठीण नाही. विमानातील नेहमीचा उंचीमापक हवेच्या दाबावरून उंची सांगतो. ही उंची सागरसपाटीपासूनची असते. पायाखालची जमीन किती दूर आहे, हे त्या काट्यावरून कळत नाही. चार हजार फुटांवर असलेले विमान समुद्रावर असेल तर सुरक्षित असते आणि तेच विमान चार हजार फुटांच्या डोंगरासमोर असेल तर त्याचे आयुष्य काही क्षणांचे उरलेले असते. काटा मात्र दोन्ही वेळी तोच आकडा दाखवितो. दिवसा, निरभ्र हवेत, डोळे ही उणीव भरून काढतात. रात्री किंवा ढगांत वैमानिकाला आपण नेमके कोठे आहोत याच्या अनुमानावर विसंबावे लागते. अनुमान पाच मैलांनी चुकले तरी त्याला ते चुकले आहे असे सांगणारे कोणी नसते.

हे सांगणारे कोणीतरी कॉकपिटमध्ये असले पाहिजे, या विचाराने ज्याने आपले सारे आयुष्य वेचले, तो मनुष्य म्हणजे डोनाल्ड बेटमन. १९३२ मध्ये कॅनडात जन्मलेला आणि अमेरिकेत कारकीर्द घडविलेला हा अभियंता २०२३ च्या मे महिन्यात वयाच्या ९१ व्या वर्षी निवर्तला. अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्याला मिळाले असले, तरी ज्या कोट्यवधी प्रवाशांच्या सुरक्षिततेत त्याचा वाटा आहे, त्यांतील फारच थोड्यांना त्याचे नाव ठाऊक असेल. त्याची पहिली यंत्रणा साध्या तत्त्वावर उभी होती. विमानाच्या पोटाखालून जमिनीकडे रेडिओलहरी सोडणारा आणि त्या परतण्यास लागणाऱ्या वेळेवरून खऱ्या जमिनीचे अंतर मोजणारा रेडिओ उंचीमापक तेव्हा उपलब्ध होता. या अंतराचा आकडा, विमान खाली येण्याचा वेग, चाके आणि पंखांच्या झडपा यांची स्थिती ही माहिती बेटमनने एकत्र जोडली. जमीन वाजवीपेक्षा अधिक वेगाने जवळ येत असेल, उड्डाण केल्यावर विमान उंची गमावत असेल, चाके न काढताच जमिनीलगत आले असेल किंवा उतरण्याच्या नियत रेषेखाली गेले असेल, तर यंत्र दिवा लावी आणि मोठ्याने बोलू लागे. ‘पुल अप’, म्हणजे विमान वर ओढा, हे शब्द त्या यंत्राने वैमानिकांच्या कानी घातले.

शोध लागला म्हणून तो लगेच वापरात येतो असे नाही. त्यासाठी बहुधा माणसे मरावी लागतात. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे बोइंग ७२७ विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे येत असताना व्हर्जिनियातील माउंट वेदर या डोंगरावर आदळून ९२ जण ठार झाले. उतरण्याची परवानगी मिळाली म्हणजे १,८०० फुटांपर्यंत खाली येण्यास हरकत नाही, असे वैमानिक समजले होते. नियंत्रकाला ते अभिप्रेत नव्हते. एकाच वाक्याचे दोन अर्थ झाले आणि मध्ये डोंगर होता. या घटनेनंतर मात्र अमेरिकन प्रशासन त्वरेने हलले. वर्षभरात तेथील मोठ्या प्रवासी विमानांवर बेटमनची यंत्रणा सक्तीची झाली आणि पुढे इतर देशांनीही तोच मार्ग धरला. डोंगरावर आदळण्याचे अपघात झपाट्याने घटले.

तथापि या यंत्राला दोन उणिवा होत्या. पहिली ही की ते सरळ खाली पाही, समोर पाहत नसे. जमीन हळूहळू चढत गेली तर त्याला वेळीच कळे. कडा एकदम उभा राहिला तर इशारा आणि आघात यांत काही सेकंदांचेच अंतर उरे. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचे डीसी-१० विमान अंटार्क्टिकावरील माउंट एरेबसवर आदळून २५७ जण ठार झाले, तेव्हा यंत्र बोलले ते आघाताच्या सुमारे सहा सेकंद आधी. विमानाच्या संगणकात भरलेला मार्ग कार्यालयात बदलण्यात आला होता आणि तो बदल वैमानिकांना सांगितला गेला नव्हता. पांढरे आभाळ आणि पांढरा बर्फ एकमेकांत इतके मिसळून गेले होते की समोरचा पर्वत त्यांना दिसलाच नाही. अशा वेळी सहा सेकंदांत प्रचंड विमान वळवणे मनुष्याच्या शक्तीबाहेरचे होते.

दुसरी उणीव अधिक सूक्ष्म आणि माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे. यंत्र कधीकधी अकारण ओरडे. एखाद्या टेकडीवरून नियमाप्रमाणे, पूर्ण सुरक्षित उंचीवरून जात असतानाही त्याला धोक्याचा भास होई. ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट मराठी शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. ज्या गुराख्याच्या हाकेवर गाव दोनदा फसला, त्याच्या तिसऱ्या हाकेला गाव धावत नाही. विमानातही हेच घडले. फ्रान्समधील एअर इंटर या कंपनीने तर खोट्या इशाऱ्यांच्या त्रासाचे कारण देऊन आपल्या विमानांवर ही यंत्रणा बसविलीच नव्हती. २० जानेवारी १९९२ रोजी तिचे एअरबस ए-३२० विमान स्ट्रासबूर्गला उतरताना नियोजित वेगाच्या कित्येक पटींनी वेगाने खाली येत राहिले आणि साँत ओदिल पर्वताच्या उतारावर आदळून ८७ जण मेले. तेथे खोटा इशारा झाला नाही, तसा खराही झाला नाही.

या दोन्ही उणिवांवर उपाय शोधण्याचे काम बेटमन व त्याचे सहकारी करीतच होते. समोर पाहायचे तर यंत्राला पृथ्वीचा नकाशा ठाऊक हवा. साऱ्या जगाच्या डोंगरदऱ्यांची उंची नोंदलेला असा नकाशा तेव्हा सहज मिळत नव्हता. अनेक प्रदेशांची मोजणी ही लष्करी गुपिते होती. १९९० नंतर सोव्हिएत संघ कोसळला आणि त्याच्या लष्कराने दशकानुदशके खपून तयार केलेले नकाशे विकत मिळू लागले. शीतयुद्धाच्या काळात रणगाडे आणि क्षेपणास्त्रे यांच्यासाठी टिपलेल्या त्या उंच-सखल रेषा शेवटी नागरी प्रवाशांचे प्राण वाचविण्याच्या कामी आल्या. 

नव्या यंत्राची गरज पुन्हा एका अपघाताने जगापुढे मांडली. २० डिसेंबर १९९५ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग ७५७ विमान कोलंबियातील काली शहराकडे दोन डोंगररांगांमधील दरीतून उतरत होते. वैमानिकांनी संगणकाला रोझो या मार्गदर्शक केंद्राकडे जाण्यास सांगण्यासाठी ‘आर’ हे अक्षर निवडले. संगणकाच्या लेखी त्या अक्षराचा अर्थ बोगोटाजवळचे दुसरेच केंद्र असा होता. विमान रात्रीच्या अंधारात दरी सोडून पूर्वेच्या पर्वताकडे वळले. जुन्या यंत्राने इशारा दिला तो आघाताच्या सुमारे बारा सेकंद आधी. वैमानिकांनी लगेच पूर्ण शक्ती लावून विमान वर ओढले, परंतु वेग कमी करण्यासाठी पंखांवर उभारलेले पडदे मिटवायचे राहून गेले. १६३ पैकी १५९ जणांचा अंत झाला. आणखी अर्धा मिनिट मिळाला असता तर काय झाले असते, या प्रश्नाला उत्तर देण्याची गरज नाही.

नव्या, विकसित यंत्रणेने नेमका हाच अर्धा मिनिट मिळवून दिला. उपग्रहांवरून विमानाला आपले स्थान कळते. यंत्राच्या स्मृतीत साऱ्या जगाची भूरचना, विमानतळ आणि अनेक उंच अडथळे साठविलेले असतात. विमान या क्षणी कोठे आहे, कोणत्या दिशेने आणि किती वेगाने चालले आहे, यावरून ते पुढे कोठे असेल हे यंत्र सतत ताडत राहते. वैमानिकांपुढच्या पडद्यावर भोवतालची जमीन रंगांत दिसते. खाली सुरक्षित असलेली हिरवी, विमानाच्या उंचीजवळ आलेली पिवळी आणि त्याहून बरीच वर उठलेली लाल. मार्गात डोंगर येत असेल तर साधारण एक मिनिट आधी सावधगिरीची सूचना आणि अर्धा मिनिट आधी ‘पुल अप’ची आज्ञा मिळते. यंत्राला धावपट्ट्या ठाऊक असल्यामुळे विमान उतरत आहे की भरकटत आहे हे त्याला ओळखता येते आणि खोटे इशारेही पुष्कळच कमी होतात. अमेरिकेने २००० मध्ये नियम करून २००५ पर्यंत सहा किंवा अधिक प्रवासी आसनांच्या टर्बाइन विमानांवर अशी यंत्रणा सक्तीची केली. प्रवासी जेट विमानाने न कळत डोंगरावर आदळण्याची घटना त्यानंतर विरळ झाली. विमानसुरक्षेच्या इतिहासात एका यंत्राने इतका मोठा फरक पाडल्याची उदाहरणे थोडी आहेत.

येथे ही कथा संपली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु नवी यंत्रणा बसविलेली विमानेही जमिनीवर आदळली आहेत, आणि त्यांतील काही प्रसंगांत यंत्राने आपले काम चोख बजावले होते. २८ जुलै २०१० रोजी पाकिस्तानातील एअरब्लू कंपनीचे एअरबस ए-३२१ विमान इस्लामाबादजवळच्या मारगल्ला टेकड्यांवर आदळले आणि १५२ जण मेले. शेवटच्या मिनिटभरात यंत्र वारंवार ओरडत होते. वीसहून अधिक वेळा त्याने सावध केले. सहवैमानिकाला धोका कळत होता, तो विमान वळविण्यास आणि वर ओढण्यास सांगतही होता, परंतु प्रवासाच्या आरंभापासून मुख्य वैमानिकाने त्याला अशा रीतीने वागविले होते की सूत्रे हाती घेण्याचे धैर्य त्याला झाले नाही. चौकशी अहवालाने हे स्पष्टपणे नोंदविले आहे.

त्याच वर्षी आपल्याकडेही एक घटना घडली. २२ मे २०१० रोजी एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान मंगळूरला डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर उतरताना ती ओलांडून दरीत कोसळले. १५८ जण प्राणास मुकले, आठ वाचले. हा अपघात न कळत डोंगरावर आदळण्याच्या प्रकारातला नव्हता. विमान फार उंच होते, फार वेगाने खाली आणले जात होते आणि धावपट्टीवर फार पुढे टेकले. परंतु हे यंत्र तेथेही बोलत होते. खाली येण्याचा वेग धोकादायक आहे, विमान वर ओढा, असे ते पुनःपुन्हा सांगत होते. सहवैमानिकाने उतरणे रद्द करून पुन्हा वर जाण्यास तीनदा सुचविले. मुख्य वैमानिक प्रवासाचा बराच काळ झोपलेला होता आणि झोपेतून उठल्यानंतरची गुंगी त्याच्या निर्णयात उतरली असावी, असा चौकशी न्यायालयाचा निष्कर्ष होता. यंत्र आणि माणूस दोघेही योग्य तेच सांगत होते. ऐकणाऱ्याने दोघांचेही ऐकले नाही.

इंडोनेशियातील प्रसंग याहून बोलका आहे. ९ मे २०१२ रोजी रशियन सुखोई कंपनीचे नवे जेट विमान संभाव्य ग्राहकांना घेऊन जाकार्ताहून प्रात्यक्षिकासाठी निघाले. सलाक पर्वताजवळ, आघातापूर्वी ३८ सेकंद, यंत्राने पहिला इशारा दिला. पाहुण्यांशी बोलण्यात गुंतलेल्या मुख्य वैमानिकाने यंत्रातील नकाशातच काहीतरी दोष असावा असे मानून ते बंद केले. विमानातील सर्व ४५ जण मेले. पहिल्या इशाऱ्यानंतर २४ सेकंदांच्या आत विमान वर ओढले असते तर अपघात टळला असता, असे तपासकर्त्यांनी दाखवून दिले. यंत्राने वेळ दिला होता आणि तो पुरेसा होता. त्या वेळेचे रूपांतर कृतीत झाले नाही, कारण इशाऱ्यावर विश्वास ठेवला गेला नाही.

या तिन्ही प्रसंगांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. बँकेची नोट जशी तिच्यामागच्या पतीवर चालते, तसा इशाराही पतीवरच चालतो. यंत्राने किती सेकंद आधी हाक मारली याला महत्त्व आहेच, परंतु ऐकणारा त्या हाकेवर किती विश्वास ठेवतो याला त्याहून अधिक महत्त्व आहे. ही पत यंत्र स्वतः निर्माण करू शकत नाही. ती यंत्र बनविणारे, विमान चालविणाऱ्या कंपन्या आणि शासन यांनी मिळून जपावी लागते. ती जपण्याचे काम आज पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे, आणि हीच खरी चिंतेची बाब आहे.

नवे यंत्र आपले स्थान उपग्रहांकडून जाणून घेते. या उपग्रहांचे संदेश अतिशय क्षीण असतात. ते दडपून टाकणे किंवा त्यांच्या जागी बनावट संदेश पाठविणे आता कठीण राहिलेले नाही. युद्धग्रस्त प्रदेशांत ड्रोन आणि क्षेपणास्त्रे चुकविण्यासाठी हे सर्रास केले जाते, आणि त्याच आकाशातून प्रवासी विमाने जातात. २०२३ पासून पश्चिम आशियात आणि काळ्या समुद्राभोवती असे प्रकार वाढले. बनावट संदेशामुळे विमानाला आपण भलतीकडेच आहोत असे वाटू लागते आणि हजारो फूट उंचीवर, खाली सपाट प्रदेश असताना, यंत्र ‘पुल अप’ म्हणून ओरडू लागते. आपल्याकडे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये या धोक्याविषयी सूचना काढली. अमृतसर आणि जम्मूच्या सीमाभागात असे प्रकार नोंदले गेले आणि दिल्ली विमानतळाच्या परिसरातही विमानांना बनावट संदेश मिळाल्याचे सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मान्य केले. विमान भरकटण्याची शक्यता हा यातला उघड धोका झाला. ज्या वैमानिकाने महिन्यातून चारदा खोटा इशारा ऐकला, तो पाचव्या, खऱ्या इशाऱ्याला काय प्रतिसाद देईल, हा याहून खोल प्रश्न आहे. अर्धशतकाच्या परिश्रमाने कमावलेली पत अशा रीतीने नकळत झिजत जाते.

यावर काही जण म्हणतील की अनुभवी वैमानिकाने यंत्रापुढे आपली बुद्धी गहाण का टाकावी? खोटे कोणते आणि खरे कोणते, हे त्यालाच ठरवू द्यावे. हा युक्तिवाद वरवर पाहता सन्मानाचा वाटतो, आणि यंत्राच्या आंधळ्या आज्ञापालनातूनही अनर्थ होऊ शकतात हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु येथे दोन चुकांची किंमत सारखी नाही, हे विसरून चालणार नाही. खोट्या इशाऱ्यावर विश्वास ठेवून विमान वर नेले तर थोडे इंधन जळेल, पंधरा मिनिटे उशीर होईल, प्रवासी कुरकुर करतील. खऱ्या इशाऱ्यावर अविश्वास दाखविला तर कुरकुर करण्यास कोणी उरणार नाही. भर दिवसा, स्वच्छ हवेत, खालची जमीन डोळ्यांनी दिसत असेल तेव्हा वैमानिकाने पडताळा घेणे वेगळे. रात्री किंवा ढगांत पडताळा घेण्याचे साधनच त्याच्यापाशी नसते. त्याच्यापाशी असते ते केवळ स्वतःचे अनुमान, आणि त्याच अनुमानाविरुद्ध तर यंत्र साक्ष देत असते. जुन्नरच्या आणि माँ ब्लाँच्या वैमानिकांनाही आपल्या अनुमानाची खात्री होती. म्हणून जमिनीलगत, अंधारात किंवा ढगांत, आधी विमान वर ओढावे आणि मग विचार करावा, हा नियम बुद्धीचा अपमान नव्हे. शांत डोक्याने, आधीच करून ठेवलेल्या विचाराचे ते फळ आहे.

मात्र हा नियम पाळला जावा अशी अपेक्षा असेल तर त्याला अनुकूल वातावरणही निर्माण केले पाहिजे. पहिली गोष्ट विमानकंपन्यांची. इशारा ऐकून उतरणे रद्द करणाऱ्या वैमानिकाला ‘इंधन का वाया घालविले?’ असा प्रश्न एकदा जरी विचारला गेला, तरी त्याची वार्ता साऱ्या कंपनीत पसरते आणि पुढचा वैमानिक क्षणभर कचरतो. तो क्षण प्राणघातक असतो. अशा निर्णयाबद्दल कोणालाही शिक्षा होणार नाही, हे कागदावर लिहून भागत नाही, ते वर्तनातून दिसावे लागते. दुसरी गोष्ट सहवैमानिकाच्या स्थानाची. वडीलधाऱ्यांपुढे बोलू नये हा आपल्याकडचा जुना संस्कार घरात शोभतो. कॉकपिटमध्ये तो घातक ठरतो. मुख्य वैमानिकाने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केल्यास सूत्रे हाती घेणे हे सहवैमानिकाचे कर्तव्यच आहे, याचे शिक्षण केवळ कनिष्ठांना देऊन उपयोग नाही, ते प्रथम वरिष्ठांना दिले पाहिजे. इस्लामाबाद आणि मंगळूर येथे कनिष्ठाला कळत होते. त्याच्या कळण्याला अधिकाराची जोड नव्हती.

शासनाचेही कर्तव्य तितकेच मोठे आहे. उपग्रह आले म्हणून जमिनीवरची मार्गदर्शक केंद्रे मोडीत काढण्याची घाई करता कामा नये. बनावट संदेशांच्या काळात हीच जुनी केंद्रे सत्य पडताळून पाहण्याचे साधन आहेत. अशी केंद्रे किमान संख्येने राखण्याचे धोरण सरकारने सांगितले आहे, ते स्वागतार्ह आहे. परंतु ‘किमान’ या शब्दाचा अर्थ काटकसरीच्या हिशेबाने लावला जाऊ नये. यंत्राच्या स्मृतीतला नकाशाही वेळोवेळी नवा करावा लागतो. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून काढली गेली. घाटमाथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. शहरांत उत्तुंग इमारती आणि मनोरे दरवर्षी वाढत आहेत. जमीन बदलते, तसा तिचा नकाशाही बदलला पाहिजे. नव्या अडथळ्यांची नोंद अचूक ठेवून ती वेळेवर पुरविणे हे कारकुनी काम वाटेल, पण एरेबसवरच्या २५७ माणसांचे मरण एका कार्यालयीन नोंदीतून सुरू झाले होते, हे ध्यानात ठेवावे.

शेवटचा प्रश्न हेलिकॉप्टरांचा. मोठ्या विमानांनी जे युद्ध बव्हंशी जिंकले, ते हेलिकॉप्टरांचे अजून चालूच आहे. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदा जणांचा बळी घेणाऱ्या अपघाताविषयी प्राथमिक निष्कर्ष होता तो हाच. यंत्रात बिघाड नव्हता, अचानक ढगांत शिरल्यामुळे वैमानिकाचे दिशाभान हरपले आणि ताब्यातले हेलिकॉप्टर डोंगरावर गेले. १५ जून २०२५ रोजी ढगांनी दाटलेल्या दरीत केदारनाथहून परतणारे हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळले आणि सात जण मेले. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील एक कुटुंब होते. हेलिकॉप्टरांसाठी अशी इशारा यंत्रणा बऱ्याच वर्षांपूर्वी निघाली आहे. अमेरिकेने २०१४ च्या नियमाने ती हवाई रुग्णवाहिकांवर सक्तीची केली. हेलिकॉप्टर मुळातच जमिनीलगत उडते, त्यामुळे त्यात अकारण इशारे अधिक होतात आणि वैमानिक यंत्र बंद ठेवतात, ही अडचण खरी आहे. परंतु ती यंत्रात सुधारणा करण्याचे कारण आहे, यंत्र न बसविण्याचे नव्हे. एअर इंटरने तीच सबब पुढे केली होती. तीर्थयात्रेच्या हंगामात दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या प्रत्येक हेलिकॉप्टरवर चालू स्थितीतील यंत्रणा आहे काय, आणि ढग उतरल्यावर उड्डाण थांबविण्याचे स्वातंत्र्य वैमानिकाला खरोखर आहे काय, हे दोन प्रश्न परवाना देणाऱ्यांनी प्रत्येक हंगामापूर्वी विचारले पाहिजेत. इशाऱ्याचे यंत्र असले म्हणून ढगांत शिरण्याचा परवाना मिळत नाही, हेही त्यासोबत सांगितले पाहिजे.

या साऱ्याचा खर्च किती, असे विचारले जाईल. सहवैमानिकाला बोलू देण्यास काही खर्च येत नाही. उतरणे रद्द करणाऱ्याला शाबासकी देण्यासही येत नाही. प्रत्येक इशाऱ्याची नोंद विमानातील यंत्रात आपोआप होत असते. खरा कोणता, खोटा कोणता आणि का, हे तपासून ते एकमेकांना कळविण्यास लागते ती थोडी मेहनत आणि थोडा प्रामाणिकपणा. महागडा भाग, म्हणजे यंत्राचा शोध, तो बेटमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केव्हाच पुरा केला आहे. त्यांनी वैमानिकाच्या पदरात अर्धा मिनिट टाकला. तो अर्धा मिनिट शंका घेण्यात घालवायचा की विमान वर ओढण्यात, हे कॉकपिटमध्ये त्या क्षणी ठरत नाही. ते कित्येक महिने आधी, प्रशिक्षणाच्या वर्गात, कंपनीच्या कचेरीत आणि शासनाच्या दप्तरात ठरलेले असते. डोंगर आपल्या जागेवरून हलत नाहीत. हलायचे आहे ते आपल्यालाच, आणि तेही वेळेवर.